रविवारी आलेलं स्पॅनिश शनिवारपर्यंत जातं कुठे? वीकेंड बॅचच्या नवशिक्यांसाठी समस्या निवारण

पुण्यात शनिवार-रविवार सकाळी मी स्पॅनिशची अगदी पहिली, म्हणजे ए-वन पातळीची बॅच घेते. बॅच कुठलीही असो, साधारण दुसऱ्या महिन्यात एकच तक्रार येते: "वर्गात सगळं कळतं, घरी गेलं की पाटी कोरी. आता वय झालं बहुतेक." वयाचा संबंध फार कमी वेळा निघतो. बिघाड बहुतेक वेळा ठरावीक सहा-सात जागीच असतो. त्या जागा ज्या क्रमाने मी तपासते त्याच क्रमाने खाली दिल्या आहेत. आधी फुकटातले उपाय, पैसे लागणारे शेवटी.

एक सूचना. स्पॅनिश शब्द मी इथे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या वहीत असं करू नका. का, ते दुसऱ्या तपासणीत येईल.

लक्षणं

- रविवारी शेवटच्या तासाला तुम्ही पटापट उत्तरं देत होता. पुढच्या शनिवारी कुणी 'के आसेस लोस दोमिंगोस?' (रविवारी काय करतोस?) विचारलं की काहीच सुचत नाही.
- शब्द दिसला की अर्थ आठवतो. अर्थ सांगितला तर शब्द आठवत नाही.
- 'आम्ही बोलतो' म्हणायचं असेल तर मनात 'आब्लो, आब्लास, आब्ला' असं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.
- शिक्षक बोलले की कळतं, ऑडिओ लावला की नुसता खळखळाट.
- प्रत्येक वाक्य 'यो'ने, म्हणजे 'मी'ने सुरू होतं.
- मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये रोजची साखळी अखंड आहे, पण वर्गात तोंड बंद.

यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर पुढे वाचा. नुसता 'सेर' आणि 'एस्तार' यांत गोंधळ होत असेल तर तो बिघाड नाही. मराठीत दोन्हीला 'आहे'च. 'सोय दे पुणे' म्हणजे मी पुण्याचा, 'एस्तोय एन पुणे' म्हणजे आत्ता पुण्यात आहे. हा फरक पुढच्या पातळीवरही अधूनमधून चुकतो, त्यासाठी झोप घालवू नका.

आधी एक प्रश्न: विसरलात ते शनिवारचं की रविवारचं?

मागच्या आठवड्याची वही उघडा आणि बघा. मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं, त्यातल्या बहुतेकांचं शनिवारचं बऱ्यापैकी शाबूत होतं आणि रविवारचं पार धुऊन गेलं होतं. कारण उघड आहे. शनिवारी शिकलेलं चोवीस तासांत पुन्हा वापरलं जातं, कारण रविवारी वर्ग असतो. रविवारी शिकलेल्याला मात्र पुढचे पाच दिवस कुणी विचारत नाही.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली हेच मांडलं होतं: पाठ केलेलं सर्वांत जास्त गळतं ते पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात, मग गळती मंदावते. म्हणजे शुक्रवारी रात्री वही घेऊन बसणारे आग विझल्यावर बंब घेऊन येतात.

फक्त रविवारचं जात असेल तर पहिली तपासणी पुरेशी होईल. शनिवारचंही जात असेल तर पुढच्या सगळ्या बघाव्या लागतील.

तपासणी १: सोमवारची दहा मिनिटं

खर्च शून्य. सोमवारी, शक्यतो सकाळीच, वही न उघडता कोरा कागद घ्या. रविवारच्या वर्गात जे झालं त्यातलं आठवेल ते लिहा: पाच शब्द, दोन वाक्यं, जे येईल ते. आठवत नसेल तर मिनिटभर तसंच बसून राहा, लगेच वहीकडे धावू नका. त्या मिनिटाचाच उपयोग होतो. नंतर वही उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. बुधवारी फक्त ते लाल शब्द तोंडाने म्हणा. झालं.

दोन आठवडे एवढंच करून बघा. वही पुन्हा पुन्हा वाचून काढणं म्हणजे उजळणी, असं आपल्याकडे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आलं असा भास होतो. ओळखता येणं आणि आठवून सांगता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. वर्गात दुसरं लागतं.

तपासणी २: वही

बँकेतल्या एका गृहस्थांची वही मी बघितली होती. अक्षर मोत्यासारखं, पानावर तीन रकाने आखलेले: स्पॅनिश शब्द, त्याचा इंग्रजी अर्थ आणि देवनागरीत उच्चार. इतकी नीटनेटकी वही वर्गात दुसरी नव्हती आणि बिघाड त्या वहीतच होता. घरी गेल्यावर ते तिसरा रकानाच वाचत होते.

देवनागरी तशी स्पॅनिशला छान जमते, इंग्रजीपेक्षा कितीतरी बरी. पण तिच्यात शब्दातला आघात दाखवायची सोय नाही आणि स्पॅनिशमध्ये आघात हलला की अर्थ हलतो. 'आब्लो'मध्ये जोर 'आ'वर दिला तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. 'पापा'मध्ये जोर पहिल्या 'पा'वर असेल तर लॅटिन अमेरिकेत बटाटा, दुसऱ्यावर असेल तर बाबा. 'एस्ता'चंही तसंच: एकदा 'ही', एकदा 'आहे'. देवनागरीत लिहिलं की या तिन्ही जोड्या हुबेहूब एकसारख्या दिसतात. मूळ लिपीत स्वरावरची ती छोटी तिरकी रेघ फरक सांगते. ती रेघ शोभेची समजून गाळणारे खूप जण भेटतात.

आघाताचा नियम अर्ध्या पानात मावतो. शब्दाच्या शेवटी स्वर, 'न' किंवा 'स' असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, 'आ-ब्लो'मध्ये दोन). बाकी कुठलंही व्यंजन शेवटी असेल तर जोर शेवटच्या अवयवावर. हा नियम जिथे मोडतो तिथे रेघ. नियमाला अपवाद नाही म्हटलं तरी चालेल, कारण अपवाद रेघेनेच सांगितलेला असतो. त्यामुळे कधीही न ऐकलेला शब्दही तुम्ही बरोबर वाचू शकता, ही चैन इंग्रजीत नाही.

दुरुस्ती: तिसरा रकाना बंद करा. त्याजागी जोर असलेल्या अवयवाखाली रेघ ओढा. नाम कधीच एकटं लिहू नका, 'एल' किंवा 'ला' लावूनच लिहा. 'लेचे' नाही, 'ला लेचे'. आणि 'न'वरची नागमोडी रेघ विसरू नका. 'तेंगो त्रेइंता आन्योस' म्हणजे मला तीस वर्षं झाली. 'आन्योस'च्या जागी 'आनोस' झालं तर वर्षांऐवजी शरीराचा असा भाग मोजला जातो की समोरचा माणूस हसू दाबत बसतो.

तपासणी ३: अ‍ॅप

अ‍ॅप वाईट नाही, पण दोन गोष्टी बघा. एक, तुम्ही त्यात टाइप करता की नुसते तयार शब्द बोटाने जागेवर लावता? नुसते लावत असाल तर ती वरचीच ओळखण्याची कसरत आहे.

दुसरी गोष्ट जास्त त्रास देते: अ‍ॅपचं आणि वर्गाचं स्पॅनिश एकच आहे का? भारतातल्या बऱ्याच वर्गांत स्पेनमधून आलेली पुस्तकं चालतात. त्यात गाडीला 'कोचे', कॉम्प्युटरला 'ओर्देनादोर', आणि ओळखीच्या चार जणांना 'तुम्ही' म्हणायला 'बोसोत्रोस'. अ‍ॅप लॅटिन अमेरिकेच्या बाजूचं असेल तर तिथे 'कार्रो' किंवा 'आउतो', 'कोम्पुतादोरा' आणि सगळ्यांना 'उस्तेदेस'. 'ग्रासियास'मधला पहिला 'स' स्पेनच्या बऱ्याच भागात जीभ दातांमध्ये घेऊन म्हणतात, मेक्सिकोत नाही. दोन्ही बरोबर आहेत. पण ए-वनला दोन्ही एकदम घेतलं की क्रियापदाच्या तक्त्यात कधी पाच रूपं दिसतात, कधी सहा, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. ही पातळी संपेपर्यंत एकच बाजू धरा. वर्ग जो धरेल ती.

तपासणी ४: वाक्य इंग्रजीतून येतंय का?

इथे थोडा वेळ काढा, कारण मराठी माणसाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त सापडणारा बिघाड हाच. पुस्तकातल्या सूचना इंग्रजीत, शब्दार्थ इंग्रजीत, म्हणून डोकंही आधी इंग्रजीत वाक्य बनवतं आणि मग त्याचं स्पॅनिश करतं. घरात फुकट मिळणारी वस्तू सोडून लांबच्या दुकानातून महागात आणायची, त्यातला प्रकार.

चाचणी सोपी आहे. 'मला आंबे आवडतात' स्पॅनिशमध्ये म्हणा. 'यो गुस्तो मांगोस' आलं असेल तर वाक्य इंग्रजीवरून आलं. बरोबर वाक्य 'मे गुस्तान लोस मांगोस'. आता मराठीशेजारी ठेवून बघा: 'मला' म्हणजे 'मे', आणि क्रियापद चालतं आंब्याप्रमाणे. मला आंबा आवडतो, 'मे गुस्ता एल मांगो'. मला आंबे आवडतात, 'मे गुस्तान'. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना जे पचायला आठवडे लागतात ते आपण दुसरीत असताना बोलत होतो. 'मे दुएले ला काबेसा' म्हणजे डोकं दुखतंय, 'मे दुएलेन लोस पिएस' म्हणजे पाय दुखतायत. तीच चाल.

'यो'चा रोगही इथलाच. "काय करतोयस?" असं विचारलं तर आपण "जेवतोय" म्हणतो. 'मी' म्हणतच नाही, कारण 'जेवतोय'मध्ये तो आलाच. स्पॅनिशमध्येही 'कोमो' म्हटलं की 'मी जेवतो' झालं. 'यो' फक्त ठासून सांगायचं असेल तेव्हा. विशेषणं नामाप्रमाणे बदलणं (पांढरा शर्ट, पांढरी साडी), तू आणि आदरार्थी यांतला फरक, हेही आपल्याला कुणी नव्याने समजवायला नको.

उच्चारातही हाच मार्ग पकडा. 'दोस', 'त्रेस', 'तू' यांतले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी 'डोस', 'ट्रेस', 'टू' म्हणतो. मग मी विचारते, "घरी 'तू' म्हणता की 'टू'?" दुसऱ्या मिनिटाला उच्चार सुधारतो.

इंग्रजीसारखे दिसणारे शब्द तर पक्के फसवे. 'कार्पेता' म्हणजे सतरंजी नाही, फाइल किंवा फोल्डर. 'एक्सितो' म्हणजे बाहेर जायचा रस्ता नाही, यश. आणि ओशाळल्यावर एखादी बाई 'एस्तोय एम्बारासादा' म्हणाली तर ती सगळ्यांना आपण गरोदर असल्याची बातमी देते आहे.

मराठी सगळीकडे तारून नेत नाही. आपल्याकडे तीन लिंगं, तिथे नामांना दोन, आणि दोन्हींचा मेळ नाही: आपला 'हात' पुल्लिंगी, त्यांचा 'ला मानो' स्त्रीलिंगी. 'एल प्रोब्लेमा' तर शेवटी 'आ' असून पुल्लिंगी. वय आणि भूक सांगताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही बाजूला ठेवा. तिथे 'तेनेर' म्हणजे 'जवळ असणं' हे क्रियापद लागतं: 'तेंगो आंब्रे', जवळ भूक आहे. अशा जागा वहीच्या शेवटच्या पानावर वेगळ्या काढा. यादी वाटते त्यापेक्षा लहान निघते.

तपासणी ५: क्रियापदाचा तक्ता गाण्यासारखा पाठ आहे का?

पाढा फक्त सुरुवातीपासून येणाऱ्या मुलाला मध्येच 'सात आठे' विचारलं तर तो 'सात एके सात'पासून निघतो. तक्त्याचं तेच होतं. बोलताना तेवढा वेळ समोरचा देत नाही.

उपाय: लुडोचा फासा. एक म्हणजे मी, दोन तू, तीन तो-ती आणि आदरार्थी 'उस्तेद', चार आम्ही, पाच तुम्ही लोक, सहा ते-त्या. चिठ्ठ्यांवर क्रियापदं लिहा: आब्लार, कोमेर, बिबीर, आणि रोज लागणारी वाकडी चार, सेर, एस्तार, तेनेर, इर. चिठ्ठी उचला, फासा टाका, रूप बोला आणि लगेच त्याचं एक वाक्य करा. चार पडले आणि चिठ्ठी 'इर' निघाली: 'बामोस', मग 'बामोस आल मेर्कादो', बाजारात जातो आम्ही. घरातलं कुणी शिकत नसलं तरी फासा टाकायला तयार होतं. फासा मुद्दाम हवा, कारण स्वतःच निवडायला लागलो की आपण येणारं रूपच निवडतो.

तपासणी ६: कान

पुस्तकाच्या ऑडिओतला अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या, ज्याचा मजकूर मागे छापलेला असतो. दोनदा ऐका, कळेल ते लिहा, मग मजकूर वाचा. वाचूनही कळला नाही तर शब्द कमी पडतायत, पहिल्या तपासणीकडे परत जा. वाचल्यावर लख्ख कळला, तर कानाची सवय कमी आहे.

कारण असं की बोलताना शब्द एकमेकांत मिसळतात. 'लोस आमीगोस' ऐकू येतं 'लोसामीगोस'. 'बा आ आब्लार' (तो बोलणार आहे) यातले तीन 'आ' एकत्र होऊन 'बाब्लार' ऐकू येतं. कोशात 'बाब्लार' सापडणार नाही. वर्गात आम्ही शिक्षक नवशिक्यांसाठी शब्द सुटे करून बोलतो, तिथेच तुमच्या कानाचे लाड होतात. तोच तुकडा आठवडाभर रोज ऐका आणि त्याच्यासोबत, त्याच वेगात बोला. नवा तुकडा पुढच्या आठवड्यात.

परीक्षा द्यायची असेल तर ही तपासणी टाळू नका. इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पॅनिशच्या प्रसाराचं काम करणाऱ्या स्पेनच्या संस्थेच्या देले ए-वन परीक्षेत वाचन आणि लेखन यांचा एक गट, श्रवण आणि संभाषण यांचा दुसरा. प्रत्येक गटात ५० पैकी ३० गुण स्वतंत्रपणे लागतात. लेखनात पैकीच्या पैकी मिळाले तरी त्यातला एकही गुण दुसऱ्या गटात वळवता येत नाही.

तपासणी ७: बॅच

इथून पैशांचा प्रश्न येतो, म्हणून शेवटी. आधीचं सगळं प्रामाणिकपणे महिनाभर करून झाल्यावरच बॅचला दोष द्या.

पुढच्या वर्गात फक्त एवढं मोजा: तुम्ही स्वतः स्पॅनिशमध्ये किती मिनिटं बोललात? तीन तासांच्या वर्गात वीस जण असतील आणि सगळा वेळ समान वाटला, तरी वाट्याला नऊ मिनिटं येतात. प्रत्यक्षात दोन-तीन येतात. शिक्षक बहुतेक वेळ व्याकरण इंग्रजीत समजावत असतील तर तेवढीही नाहीत. अशा वेळी बॅचमधल्याच दोघा-तिघांना धरून आठवड्यातून एकदा फोनवर अर्धा तास बोलणं, हा बॅच बदलण्याआधीचा स्वस्त उपाय. चुका होतील. होऊ द्या.

शेजारच्याशी तुलना करताना तो कुठून आलाय ते बघा. आपल्याकडे शाळेत फ्रेंच घेतलेले बरेच असतात, त्यांना लिंग आणि क्रियापदाची रूपं नवी नसतात. घरात पोर्तुगीज ऐकलेला गोव्याचा कुणी असेल तर त्याला पहिल्या दिवसापासून निम्मं कळतं, आणि त्याची डोकेदुखी वेगळीच असते. तुम्ही त्यांच्या मागे आहात म्हणजे तुमच्यात बिघाड आहे असं नाही. मात्र सगळी बॅचच पुढच्या पातळीची असेल तर फीचा विचार न करता खालच्या बॅचमध्ये जागा मागा.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

निघायची तारीख ठरली असेल, नोकरीचं पोस्टिंग, शिक्षण, काहीही, आणि हातात दोन-तीनच महिने असतील, तर वीकेंड बॅचची डागडुजी करत बसू नका. रोजचा किंवा एकास एक शिकवणारा शिक्षक घ्या. शनिवार-रविवारचा वेग त्या कामाचा नाही.

'पेरो' (पण) आणि 'पेर्रो' (कुत्रा) यांतला घोळवायचा 'र्र' काही महिन्यांनी येतो. तोवर साध्या 'र'ने काम चालतं, लोक संदर्भाने समजून घेतात. पण मराठीतला 'र'सुद्धा लहानपणापासून नीट येत नसेल, किंवा बोलताना मराठीतही शब्द अडकत असतील, तर व्हिडिओ बघून जीभ वळवण्यापेक्षा स्पीच थेरपिस्टला दाखवा. ऑडिओच नाही, तर घरातली माणसं काय म्हणाली हेही दोनदा विचारावं लागत असेल तर कानाची तपासणी करून घ्या. ते काम स्पॅनिशच्या शिक्षकाचं नाही.

या सगळ्यातून जाऊन, महिनाभर सोमवारचा कागद भरूनही तो कोराच राहत असेल, तर एकटे झगडू नका. आपल्याच शिक्षकांकडे एका वेगळ्या तासासाठी वेळ मागा आणि त्याचे पैसे द्या. येताना तीन गोष्टी आणा: ते चार सोमवारचे कागद, तुमची वही, आणि न थांबता स्वतःबद्दल बोललेलं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग आधी लिहून, मग वाचून केलेलं नको. अडखळता कुठे, हेच तर आम्हाला ऐकायचं असतं.